देवाच्या नावानं एक फेरी

भरमा,

तू गेलास त्यालाही आता बरीच वर्षं झाली, तेव्हा हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं हा प्रश्नच नाही. तरी लिहिते आहे. परवा एका लग्नात शेजारच्या खुर्चीवरच्या बाई जिलबी खाता खाता मला सांगू लागल्या की त्यांच्या सासऱ्यांच्या फौंड्रीत पूर्वी एका वायरमननं आपल्याच मित्राला मशीनमध्ये घालून मारलं. "कॅम्पातच कुठंतरी राहायचा म्हणे." मी म्हटलं, माझ्या परसातल्या खोलीत राहायचा. त्यांनी जिलबी खाली ठेवली.

जयाबाई गेल्या पावसाळ्यात वारली, हे तुला कळायला हवं. हिंडलग्यात, स्वतःच्या घरात, नातवंडांच्या गराड्यात. नवऱ्याला तू मारलंस असं धरूनच ती गेली. तिचा भाऊ यल्लाप्पा तिच्या आधीच गेला होता. म्हणजे आता कुणाला सांभाळायचं राहिलेलं नाही, आणि "बाई, ऱ्हाऊ द्या" म्हणायला तूही नाहीस. ज्या एका बाईला खरं काय ते कळावं म्हणून तू आतल्या आत झिजलास, तिला ते कळलं नाही. निदान जिलबी खाणाऱ्यांना तरी कळू दे.

तुला यातलं सगळं पाठ आहे. म्हणून इथून पुढं तुझ्याशी नाही, तुझ्याविषयी बोलते.

*

भरमा मूळचा निपाणीचा. त्याची आई तानुबाई तंबाखूच्या वखारीत चाळणीवर कामाला होती. संध्याकाळी ती गल्लीत शिरली की तिच्या लुगड्यातल्या धुळीनं दोन्ही बाजूंच्या कट्ट्यांवरची माणसं शिंकायला लागत, आणि ती चालता चालता म्हणायची, "घ्या, फुकटची तपकीर." वस्तीनं दीक्षा घेतली तेव्हा तिनं फळीवरचे देव एका बुट्टीत घालून बाहेर काढले आणि पोराला बजावलं की आजपासून कुठल्या दगडापुढं वाकायचं नाही आणि कुणाकडून कपाळाला कुंकू लावून घ्यायचं नाही. भरमा तेव्हा लहान होता. पुढं त्यानं पुष्कळ गोष्टी धरल्या आणि सोडल्या, ही एक सोडली नाही.

बेळगावात आयटीआयमधून वायरमन होऊन तो मष्णू मेस्त्रींच्या हाताखाली लागला. मेस्त्री म्हातारे, तिरसट, पण कामाला पक्के. त्यांनी त्याला पहिल्या महिन्यात जे शिकवलं ते तो शेवटपर्यंत पाळत आला.

"हँडल खाली केलंस म्हंजे लाईन मेली असं समजू नगोस," मेस्त्री म्हणाले. "तू तिकडं कामाला वाकतोस, हिकडं कोन तरी शाना येतोय आनि हँडल वर करतोय. फ्यूज काढायचे आनि आपल्या खिशात घालायचे. परत्येक्ष मालक आला तरी तुझ्या खिशात हात घालनार न्हाय."

कारखान्यातला मेन स्विच म्हणजे एक लोखंडी पेटी. वरून लाईनच्या तीन वायरी आत येतात, खालून तीन मोटरकडे जातात, आणि मध्ये चिनी मातीचे तीन फ्यूज असतात, ते हातानं ओढून काढता येतात. पेटीच्या बाजूला हँडल. हँडल वर केलं की वीज चालू, खाली केलं की बंद. पेटीच्या अंगाला अर्थिंगची वायर, ती जाते कोळसा आणि मीठ भरलेल्या खड्ड्यात. आहे हे एवढंच. पण एवढंसं करताना भरमा जेवण विसरायचा. प्रत्येक स्क्रू आवळून झाला की वायर चिमटीत धरून ओढून बघायचा, बायका मंगळसूत्र ओवून झाल्यावर गाठ ओढून बघतात तशी. आणि दुसऱ्या दिवशी जाऊन पुन्हा एकदा ओढून बघायचा.

उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, नागोजीरावांची लोखंड ओतायची फौंड्री होती. तिथं साच्यांची वाळू कालवायला नवा मिक्सर आला, त्याचा मेन स्विच भरमानं बसवला. मिक्सर म्हणजे छातीइतक्या उंच काठाची भलीमोठी लोखंडी परात. तिच्यात दोन जडशीळ चाकं फिरायची, आणि चाकांच्या पुढंमागं वाळू उलथायला पाती. मालकांना स्विच ऑफिसच्या भिंतीवर हवा होता.

"तिथनं मशीन दिसत न्हाय," भरमा म्हणाला.

"मशीन बघायला मी हाय की," नागोजीराव म्हणाले. "तू वायरी जोड."

बरीच हुज्जत झाली आणि शेवटी स्विच मिक्सरसमोरच्या खांबावर बसला. खांबापासून मशीन नीट दिसायचं. मशीनच्या आत कुणी वाकून बसला असेल तर तो मात्र दिसायचा नाही. याचा विचार तेव्हा कुणी केला नाही, भरमानंही नाही.

*

मारुती त्या फौंड्रीत फिटर होता. हिंडलग्याचा, घरी थोडी शेती, रोज सायकलवरून यायचा. अंगानं आडदांड आणि तोंडाचा सैल. भरमा जितका घुमा तितका हा बोलका. मिक्सरची पाती झिजली की बदलायला मारुतीलाच परातीत उतरावं लागायचं, आणि उतरण्याआधी या दोघांचा एक खेळ ठरलेला असायचा. भरमा हँडल खाली करायचा, पेटी उघडायचा, तीन फ्यूज ओढून शर्टाच्या खिशात टाकायचा.

"वाजव रं," मारुती म्हणायचा.

भरमा खिशावर थाप मारायचा. चिनी माती खळ्ळकन वाजायची.

"हां. आता सासुरवाडीला आल्यागत झोपतो बघ आत."

"झोपू नगोस. घोरलास तर वाळू गळ्यात जाईल."

असं हे वर्षानुवर्षं चाललं. यात एक खोट होती आणि ती दोघांनाही दिसली नाही. हा बंदोबस्त फक्त दोघांमधला होता. खिशात फ्यूज आहेत हे भरमाला ठाऊक आणि मारुतीला ठाऊक. बाकीच्या शेडला आत माणूस आहे हे कळायची काहीच सोय नव्हती. पाटी लावायची, आरोळी द्यायची, असलं काही नाही. दोन मित्रांना वाटायचं, आपल्याला माहीत आहे ना, झालं.

मारुतीच्या घरी वीज आली तेव्हा वायरिंगला अर्थातच भरमा गेला. काम संपल्यावर चहा आला. मारुतीच्या आईनं भरमासाठी वळचणीत खोचलेली वेगळी कपबशी काढली. त्या काळी हे चालायचं, आणि ज्यांच्याकडं चालायचं तीच माणसं आज म्हणतात की आमच्या गावात असलं कधी नव्हतं. मारुतीची बायको जयाबाई स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिनं सासूच्या हातातली ती कपबशी काढून घेतली आणि घरातल्या कपात चहा ओतून भरमापुढं ठेवला.

"ह्यांचा जीव रोज ह्या मानसाच्या खिशात असतोय," ती सासूला म्हणाली, "आनि त्याचा कप वळचणीला ठेवायचा व्हय?"

सासू सहा महिने तिच्याशी नीट बोलली नाही. भावकीनंही नाकं मुरडली. जयाबाईनं कुणाला भीक घातली नाही. भरमा पुढं अनेक घरांत अनेक कपांतून चहा प्यायला, पण हा चहा त्यानं मला ज्या तऱ्हेनं सांगितला, त्यावरून कळलं की या बाईच्या नजरेत उभं राहणं त्याला किती मोलाचं होतं. पुढचं सगळं यावरच आहे.

*

अठ्ठ्याहत्तर साली मिक्सरचं काम चालू असताना निपाणीहून निरोप आला की तानुबाईला उलटीतून रक्त पडलं. भरमा होता तसा बसस्टँडवर पळाला. मारुतीचं काम आटोपलं होतं, तो परातीतून बाहेर आला होता, पण फ्यूज भरमाच्या खिशात राहिले आणि खिशासकट निपाणीला गेले. आईला दवाखान्यात घालून, थोडी सावरलेली बघून तो परत येईस्तोवर फौंड्रीत वाळू कालवली गेली नव्हती, साचे झाले नव्हते, आणि भट्टीची पाळी वाया गेली होती. नागोजीरावांनी त्याला सगळ्यांदेखत झाडलं.

"तुझ्या बाचा कारखाना हाय व्हय रं, किल्ली खिशात घालून गावाला जायाला?"

भरमानं खाली मान घालून ऐकून घेतलं. चूक त्याची होती आणि त्यानं ती कधी नाकारली नाही. मालकांनी त्याच आठवड्यात दुकानातून तसलेच आणखी तीन फ्यूज आणून स्टोअरच्या फळीवर ठेवले. स्टोअर सांभाळायला जयाबाईचा धाकटा भाऊ यल्लाप्पा होता. त्याला मारुतीनंच चिकटवला होता. बहिणीवर जीव टाकणारा, भित्रा, सांगितलं ते ऐकणारा माणूस. फळीवर दुसरे फ्यूज आले आहेत हे भरमाला सांगायला हवं असं ना मालकांना वाटलं, ना यल्लाप्पाला. सुटं सामान म्हणून आलं, सुट्या सामानात पडलं.

*

पुढच्या वर्षीची खंडेनवमी.

आमच्याकडं त्या दिवशी कारखान्यातली मशीनं धुऊन पुसून त्यांची पूजा करतात हे सांगायला नको. काम बंद, शेडमध्ये झेंडूचे ढीग, लेथला माळ, ड्रिलला माळ, हातोड्यालाही कुंकवाचं बोट. आणि पूजा झाली की प्रत्येक मशीन क्षणभर चालवून बंद करायचं. देवाच्या नावानं एक फेरी. ती फिरली की वर्ष सुरळीत जातं म्हणतात.

मिक्सरच्या परातीला वाळूचा थर दगडासारखा धरला होता. पूजेच्या आत तो खरवडून काढायचा म्हणून मारुती सकाळी आत उतरला. उकाडा मरणाचा. त्यानं शर्ट-पँट मागच्या बाजूच्या खिळ्याला अडकवली आणि चड्डीवर उतरला.

"वाजव रं."

भरमानं खिसा वाजवला.

"तू पूजेला थांबनार न्हाईस न्हवं?" मारुतीनं आतून विचारलं.

"दरसाल काय थांबतो व्हय?"

"तुझा वाटा मला. चुरमुरे, पेढा, समदं."

"खा. फुगून परातीत अडक."

पूजेच्या वेळी भरमा दरवर्षी बाहेर जायचा. आत राहिलं की कुणीतरी कुंकवाचं ताट पुढं करायचं, नको म्हटलं की तोंडं वाकडी व्हायची, नागोजीराव एखादं कुचकं बोलायचे. त्यापेक्षा फाटकाबाहेरच्या टपरीवर बसलेलं बरं. पूजा दुपारनंतर होती. तोवर परत येऊन मारुतीला बाहेर काढायचं, फ्यूज घालायचे आणि मग जायचं असं त्यानं ठरवलं होतं. तासाभरात येतो म्हणून तो टपरीवर गेला. पेटीचं झाकण त्यानं मुद्दाम उघडंच ठेवलं. आत तीन खाचा रिकाम्या दिसल्या म्हणजे कुणालाही कळेल, असा त्याचा हिशेब.

तो गेला आणि भटजी आले. त्या दिवशी भटजींना दहा शेडमधून बोलावणं असतं. ते म्हणाले, दुपारी जमणार नाही, आत्ता करायची तर करा. मालकांची घरची मंडळी आलीच होती. घाईघाईनं सगळे गोळा झाले. मारुती कुठं आहे असं कुणीतरी विचारलं, कुणीतरी म्हणालं नळावर आंघोळ करत असेल. मालकांच्या आई अक्काताई हळदकुंकवाचं ताट घेऊन एकेक मशीन पूजत आल्या आणि खांबावरच्या उघड्या पेटीपुढं थांबल्या.

"हे काय रं? आत काईच न्हाय. म्हातारीच्या बोळक्यागत दिसालंय."

"फ्यूज काढल्यात, आक्का," यल्लाप्पा म्हणाला.

"मग घाल की. खंडित आयुधाची पूजा करत न्हाईत. वर्साच्या सनाला रिकाम्या भोकाला कुंकू लावू व्हय मी?"

यल्लाप्पा स्टोअरकडं पळाला. फळीवरचे तीन फ्यूज आणले, खाचांत बसवले. म्हातारीनं तिन्हीवर कुंकवाची बोटं टेकवली, झाकण लावलं, हँडलला माळ घातली. वीज चालू करायची म्हणून त्यानं ते बसवले नव्हते. पूजेची वस्तू पुरी असावी म्हणून बसवले होते. मशीन हलेल, आत कुणी असेल, यातलं त्याच्या डोक्यात काही नव्हतं. त्याच्या डोक्यात फक्त म्हातारी चिडू नये एवढंच होतं.

आणि मारुती आतून ओरडला का नाही? हे पुढं सगळ्यांनी विचारलं. भरमाला त्याचं उत्तर खिळ्याला लटकलेले कपडे बघून कळलं. बाहेर मालकांच्या घरच्या लेकीसुना नटूनथटून उभ्या, घंटा वाजतेय, आरती चाललेली, आणि हा अंगभर काळी वाळू माखलेला, एका चड्डीवर. तो लाजला. मंडळी पुढच्या मशीनकडं जाईपर्यंत चाकाआड खाली बसून राहिला. भीती वाटायचं कारणच काय? खिसा वाजलेला त्यानं स्वतःच्या कानांनी ऐकला होता.

नागोजीरावांनी हँडल वर केलं, स्टार्टरचं हिरवं बटण दाबलं, आणि लगेच लाल.

टपरीवर भरमाच्या हातात चहाचा ग्लास होता. मिक्सरचा आवाज त्याला झोपेतही ओळखता आला असता. आवाज उठला आणि एका दमात थांबला. भरमाचा हात आधी खिशाकडं गेला. तिन्ही फ्यूज होते. तो मला म्हणाला, "बाई, मला वाटलं मला येड लागलं. खिशात फ्यूज आनि मशीन फिरालंय." मग किंकाळी आली, ती मारुतीची नव्हती, मालकांच्या सुनेची होती.

पुढचं मी लिहिणार नाही. भरमानं आणि आणखी दोघांनी त्याला बाहेर काढलं. एवढं पुरे.

*

चौकशी झाली. कारखाने तपासणारे सरकारी साहेब आले, खुर्च्या मांडल्या, सरबत झालं. मालकांनी सांगितलं की वायरमन लाईन बंद न करता चहाला गेला. लोकांनी माना डोलावल्या. उद्या पुन्हा त्याच शेडमध्ये कामाला यायचं होतं त्यांना. भरमानं खिशातले तीन फ्यूज काढून टेबलावर ठेवले.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

"मिक्सरचे फ्यूज. मी काढून नेलते."

"पेटीत तर तीन होते."

"ते कोनी तरी मागनं घातले."

"कुणी?"

भरमानं सगळ्यांकडं बघितलं. यल्लाप्पाला विचारलं, स्टोअरमध्ये जादा फ्यूज होते का? यल्लाप्पा म्हणाला, "मला ठावं न्हाय." मालक खिडकीतून बाहेर बघत होते. साहेब म्हणाले, असले फ्यूज कुठल्याही दुकानात मिळतात. त्यांनी ते बोटानं भरमाकडं परत सरकवले. भरमाचं वायरमनचं परमिट गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी यल्लाप्पा आमच्या परसात आला आणि धुण्याच्या दगडावर बसला. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. भरमाची बायको सोनुबाई पाणी भरत होती, ती हंडा तसाच ठेवून आत गेली. त्यानं भरमाला सगळं सांगितलं, जसं वर लिहिलं आहे तसं.

"मग काल का बोलला न्हाईस?"

"माझ्या आक्काला, जयाला कळंल म्हनून."

"कळू दे की."

"मीच घातले म्हनल्यावर ती मला दारात उभं करंल? आनि मला हाकलून दिली तर तिचं नांगर कोन धरनार? पोरं ल्हान हाईत. सासू तसली. भावकी तर टपूनच बसलीया."

"आनि मी?" भरमा म्हणाला.

"तुला शिव्या घालील ती, भरमा. पर तुझ्याबिगर तिचं काय अडनार न्हाय. तू परकाच की."

भरमा म्हणाला, "जा."

"सांगनार न्हाईस न्हवं?"

"जा म्हनलं की."

आतून सोनुबाईनं सगळं ऐकलं होतं. "लोकाच्या भावापायी खुनी म्हनून घेनार व्हय तू?" तिनं विचारलं. "माझ्या पोराला शाळंत काय म्हनतील?" ती महिनाभर धुमसली आणि मग पोराला घेऊन निपाणीला सासूकडं गेली. तीही वखारीत लागली. भरमा सणाला जायचा, पैसे द्यायचा. ती परत आली नाही.

दिवस झाल्यावर जयाबाई आली. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघितलं. परसाच्या मध्यभागी ती उभी राहिली, भरमा खोलीतून बाहेर आला. मला वाटलं ती आरडाओरडा करील. तिनं आवाजसुद्धा चढवला नाही.

"माझ्या हातचा चा पिलास की रं," ती म्हणाली. "सासूबरोबर भांडले मी तुझ्यासाठनं. समदं गाव आता मला म्हनतंय, घे, घरात घेतलीस न्हवं त्यास्नी. खिशात फ्यूज असत्यात म्हनायचे हे. का घातले न्हाईस त्या दिशी खिशात? तेवढं सांग. एवढा काय जड झालता तुला त्यांचा जीव?"

भरमाचे ओठ हलले. फाटकाबाहेर यल्लाप्पा सायकल धरून उभा होता. भरमानं त्याच्याकडं बघितलं, मग जमिनीकडं.

"चुकलं," तो म्हणाला.

ती थुंकली आणि गेली. यल्लाप्पानं तिला सायकलवर मागं बसवलं.

*

परमिट गेल्यावर कारखान्यांचं काम संपलं. भरमा इस्त्र्या दुरुस्त करायचा, लग्नाच्या मांडवात दिव्यांच्या माळा लावायचा, कॅम्पातल्या म्हाताऱ्यांच्या बंगल्यांतले फ्यूज बांधायचा. लोक त्याला काम द्यायचे आणि पाठ फिरली की ती गोष्ट एकमेकांना सांगायचे. आईसारखाच तो खोकायला लागला. मला हे सगळं त्यानं सांगितलं ते सत्त्याऐंशी साली, आमच्या माडीवरचं वायरिंग बदलताना, शिडीवर उभं राहून, माझ्याकडं न बघता.

"तू मूर्ख आहेस," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"व्हय," तो म्हणाला. "पर आता तिची पोरगी उजवली. पोरगा ग्यारेजात लागलाय. सासू मेली. आता कळलं तरी तिचं घर मोडायचं न्हाय. मला एकदा तिला सांगायचं हाय, बाई. खिशात होते म्हनून. बाकी काय नगो."

"मग जा की हिंडलग्याला. कोण अडवतंय?"

"मला बघितल्या बघितल्या दार लावंल. तुम्ही संगं चला. तुमाला बस म्हनंल. तुम्ही बोला, मी भाईर उभा ऱ्हातो."

मी हो म्हटलं. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं.

ठरलेल्या दिवशी त्यानं दाढी केली, धुतलेला शर्ट घातला. आम्ही कोपऱ्यावरच्या थांब्यावर जाऊन उभे राहिलो. सकाळची वेळ, शाळेची पोरं, मिलिटरीची एक गाडी. समोरच्या बाजूला हिंडलग्याहून आलेली बस थांबली आणि तिच्यातून भाजीची बुट्टी घेऊन जयाबाई उतरली. मागोमाग यल्लाप्पा, डोक्यावर दुसरी बुट्टी. केस पिकलेले, पाठ वाकलेली. त्याला मी आठ वर्षांत पाहिलं नव्हतं.

"तू सकाळनं काय खाल्लास?" जयाबाई त्याला विचारत होती, आवाज रस्त्याच्या अलीकडं ऐकू येत होता. "थोबाड बघ जरा. बस हितं."

"आक्का, गिऱ्हाईक जातील."

"जाऊ देत. बस म्हनलं की."

त्याला तिनं फुटपाथच्या कडेला बसवलं, बुट्टीतून फडकं काढलं, भाकरी मोडली, तिच्यावर ठेचा घालून त्याच्या हातात दिली आणि स्वतः समोर उभी राहून तो खातो की नाही ते बघत राहिली. त्यानं पहिला घास तोंडात घातला, मान वर केली, आणि त्याला रस्त्यापलीकडं भरमा दिसला. माझ्याबरोबर, धुतलेल्या शर्टात, हिंडलग्याच्या थांब्यावर. आम्ही कुठं निघालो आहोत हे त्याला कळायला वेळ लागला नाही. तो चावायचा थांबला.

जयाबाईनं भाऊ कुठं बघतो म्हणून वळून पाहिलं. पदर तोंडावर ओढला आणि रस्त्याकडं पाठ केली.

एवढ्यात आमची बस आली. कंडक्टर दारातून ओरडला, हिंडलगा, हिंडलगा. मी पायरीवर पाय ठेवला. भरमा जागचा हलला नाही.

"चल की," मी म्हटलं. "ती नसली घरी तरी थांबू. दुपारी येईलच ती."

"आज नगो, बाई."

"का?"

"त्याच्या तोंडात घास हाय," तो म्हणाला.

कंडक्टरनं मला विचारलं, येणार का नाही. मी पाय खाली घेतला. भरमा म्हणाला, पुढच्या आठवड्यात जाऊ. पुढच्या आठवड्यात त्याला ताप होता. त्याच्या पुढच्या आठवड्यात सोनुबाई येऊन त्याला निपाणीला घेऊन गेली, आणि तो फाटकातून जाताना मला म्हणाला, बरा होऊन आलो की पयलं हिंडलगा.

मी होय म्हटलं होतं, भरमा, आणि तूही. तू निपाणीहून परत आलाच नाहीस, जायचं राहिलंच.